मेणातला बर्फ

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बाबा गॅरेजमध्ये मेण वितळवत होते आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पुस्तक वाचत होते. नऊ वर्षांत या चित्रात फारसा बदल झाला नव्हता. पंधरा दिवसांतून एकदा मी ग्रीन बे शहरातून चार तास गाडी चालवत यायची. बाबा दारात उभे राहून विचारायचे, "रस्ता कसा होता?" मी म्हणायची, "मोकळा होता." तेवढ्यावर आमची ख्यालीखुशाली संपायची. बाबांनी एकतीस वर्षं काउंटीच्या ट्रकवर रस्त्यातला बर्फ ढकलायचं काम केलं होतं. त्यांच्या दृष्टीने रस्ता मोकळा असला, की माणसाचं बाकीचं आपोआप बरंच असायचं.

मेणबत्त्यांचा नाद त्यांना आई गेल्यावर लागला. आमच्याकडे ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव दफनभूमीत जातं आणि आपापल्या माणसाच्या थडग्यापाशी, बर्फात कोनाडा करून, मेणबत्ती लावून येतं. आईच्या पहिल्या वर्षी आम्ही दुकानातली मेणबत्ती नेली होती. ती लावून आम्ही परत फाटकापर्यंत पोहोचेतो विझली. बाबा मागे फिरले, पुन्हा लावली. ती पुन्हा विझली. चौथ्यांदा त्यांनी नुसताच काडेपेटीचा खोका खिशात टाकला आणि गाडीत येऊन बसले. पुढच्या वसंतात गॅरेजमध्ये पॅराफिनच्या मोठ्या लाद्या, पत्र्याचे दहा साचे आणि आईचं जुनं कॉफीचं भांडं मांडून त्यांनी कामाला सुरुवात केली.

मेणबत्त्या वाऱ्यात टिकणाऱ्या झाल्या. पण त्यांवर डाग पडायचे. गडद निळ्या किंवा गडद लाल मेणात पांढरट फुलं उमटायची, जानेवारीत खिडकीच्या काचेवर उमटतात तशी. कुठे दाट, कुठे विरळ. बाबा साच्यातून मेणबत्ती काढून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "बर्फ पडलाय."

मी ग्रंथालयात काम करते. कुठलीही अडचण दिसली की मी तिच्यावरचं पुस्तक शोधते. मेणबत्त्यांवरही मिळालं. त्यात 'दोष आणि उपाय' असं एक प्रकरण होतं आणि तिसऱ्या क्रमांकाचा दोष हाच होता : मेणावर चट्टे उमटणे. उपाय म्हणून एक पांढरी पावडर सांगितली होती. बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी तिचं पाकीट आणलं आणि तो परिच्छेद त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरं." पाकीट त्यांनी फळीवर ठेवलं. चट्टे काही गेले नाहीत. मला वाटलं, प्रमाण चुकत असणार.

तर त्या शनिवारी त्यांनी आधीच्या आठवड्यातली एक निळी मेणबत्ती माझ्या पुस्तकाच्या आणि माझ्यामध्ये आणून धरली.

"कशी झालीये?"

मी पाहिलं. "वाईट नाही."

"वाईट नाही," ते खुशीत म्हणाले. आमच्या घरात कौतुकाची शिडी इथे संपते. आईच्या वेलदोड्याच्या पावालाही यापेक्षा वरची पायरी कधी मिळाली नव्हती.

मी तिथे थांबायला हवं होतं. "फक्त ते डाग अजून जात नाहीयेत," मी म्हणाले. "पावडर किती घालता?"

बाबांनी मेणबत्ती हातात फिरवून पाहिली. "जेवढी लागते तेवढीच घालतो," म्हणाले आणि पुन्हा भांड्याकडे वळले. मी पान उलटलं.

चार वाजता सौनाघर, म्हणजे आमचं वाफेच्या आंघोळीचं लाकडी घर, तापलं. शनिवारी रस्त्यापलीकडून सिल्वी आत्या येते, टॉवेल खांद्यावर टाकून, दार न वाजवता. आधी आम्ही दोघी आंघोळ करायचो. मग आम्ही स्वयंपाकघरात कॉफी घेत बसलो की बाबा एकटे जायचे. त्या दिवशीही ते नेहमीसारखे गॅरेजातून खोकं घेऊन निघाले. पुठ्ठ्याचं मोठं खोकं, वर टॉवेल खोचलेले, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं.

"एका माणसाच्या अंगाला एवढे टॉवेल?" आत्या खिडकीतून ओरडली. "हत्ती धुणार आहेस का रे?"

"अंग मोठं आहे," बाबा म्हणाले. फावड्याच्या दांड्याइतके बारीक होते ते. वाट कोरडी होती, तरी घसरणीवरून चालल्यासारखे, एकेक पाऊल टाकत गेले.

"म्हातारा झाला," आत्या मला म्हणाली. "चाल बघ."

रविवारी दुपारी मी निघाले. बाबांनी गाडीची काच बाहीने पुसली. तिच्यावर काहीही नव्हतं. "रस्ता मोकळा असेल," म्हणाले.

सोमवारी सकाळी आत्याचा फोन आला. बाबा बूट घालायला बाकावर बसले होते. एक घातला होता, दुसरा हातात होता.

*

बाबांच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. मी कोटाची बटणं लावत होते तेव्हा आत्या माझ्याजवळ आली.

"मी सांगून टाकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"मेणबत्त्या होणार म्हणून. चाळीस. दरवर्षीसारख्या."

बाबा आधी फक्त आमच्या थडग्यांपुरत्या करायचे. मग शेजारच्यांनी मागितल्या, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. आता अर्ध्या दफनभूमीत त्यांच्याच मेणबत्त्या जळायच्या.

"आत्या, मला येत नाहीत मेणबत्त्या."

"नऊ वर्षं त्या स्टुलावर बसून काय करत होतीस मग?"

"वाचत होते."

"तर मग आता वाचलेलं कामाला लाव." तिने माझं वरचं बटण लावलं. "आणि हेल्मे, त्याच्यासाठी काय दुकानातली आणणार आहेस? विझणारी?"

तिला बोलता येतं. मी ग्रंथालयातून डिसेंबरची रजा घेतली. बाकीच्या एकोणचाळीस कशाही झाल्या असत्या तरी मला चाललं असतं. एक मात्र त्यांच्यासारखीच व्हायला हवी होती, आणि ती कशी करायची हे सांगणारा माणूस त्याच मेणबत्तीची वाट पाहत पडला होता.

गॅरेजमध्ये सगळं जागच्या जागी होतं. लाद्या, रंगाच्या चकत्या, वाती, दहा साचे. लिहून ठेवलेलं एक अक्षर नव्हतं. माझ्या वडिलांनी रस्त्याच्या नोंदवहीत 'बर्फ. काढला.' यापलीकडे कधी काही लिहिल्याचं मला माहीत नाही. फळीवर पावडरचं पाकीट होतं. ते बंद होतं. मला वाटलं, हे दुसरं असेल, नवीन. मी कात्रीने कोपरा कापला.

दुसऱ्या दिवशी साच्यातून पहिली मेणबत्ती निघाली. पुस्तकातल्या चित्रासारखी होती. तळापासून टोकापर्यंत एकसारखी निळी, चकचकीत, एक डाग नाही. मी ती मोठ्या समाधानाने टॉवेलात गुंडाळून चर्चमध्ये घेऊन गेले. नाताळच्या विक्रीसाठी तिथल्या तळघरात बायका मांस-बटाट्याच्या पास्ट्या भरत होत्या. डोरीनकाकू टेबलाच्या टोकाला बसून कडा मुडपत होती. काकू कॉर्निश, इंग्लंडातून इथल्या खाणींवर आलेल्यांच्या घरातली. पास्टीची कड ती दुसऱ्या कोणाला मुडपू देत नाही.

"ही कोणाची?" तिने विचारलं.

"मी केली, काकू."

तिने पिठाचे हात पुसले, चष्मा नाकावर घेतला. "छान आहे," म्हणाली. "गुळगुळीत आहे. आमच्या बाथरूमच्या फरशीसारखी."

"डाग पडू दिले नाहीत यावेळी."

"अगं, पण मला डागच हवेत." तिने मेणबत्ती परत माझ्या हातात दिली. "माझ्या हॅरीला थडग्यापाशी आठ वर्षं बर्फवाली लागते. ही लावली तर त्याला वाटेल, चुकून दुसऱ्याच्या घरची आली."

टेबलाभोवतीच्या सगळ्याजणी हसल्या. आत्या सर्वांत मोठ्याने हसली. मीही हसले, पण गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, "आत्या, बाबा ती पावडर कधीपासून वापरत होते?"

"कुठली? तू दिलेली?" आत्या सीटबेल्टशी झटापट करत होती. "अगं, पाकीट फोडलंच नव्हतं त्याने. दर वसंतात फळी आवरायचा तेव्हा धूळ पुसून परत तिथेच ठेवायचा. मी म्हटलं, नको आहे तर फेकून दे ना. तर म्हणतो, हेल्मीने दिलंय."

मी गाडी सुरू केली.

"जेवढी लागते तेवढीच," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

*

त्या संध्याकाळी मी ते प्रकरण पुन्हा काढलं आणि उलटं वाचलं. पुस्तकाने ज्याला दोष म्हटलं होतं ती आता मला हवी असलेली वस्तू होती, तेव्हा 'कारणे' या मथळ्याखाली जे होतं तीच कृती. कारणं दोन होती. मेणात तेल जास्त होणे. आणि मेण थंड होताना योग्य काळजी न घेणे. पावडर तर बादच झाली.

"तेल," मी आत्याला म्हटलं. "बाबा मेणात कुठलंतरी तेल घालत असणार. गॅरेजमध्ये फक्त इंजिनचं आहे."

आत्याचा पावाचा तुकडा कॉफीत बुडवता बुडवता थांबला. "त्याच्या बाथरूमचं कपाट उघडलंस का?"

"नाही. का?"

"त्या औषधाच्या दुकानातली पोरगी मला दर दोन महिन्यांनी विचारायची, 'तुमच्या भावाचं पोट कसं आहे?' पोटाचं तेल नेतो म्हणे, चारचार बाटल्या. मी त्याला सुकी आलुबुखार आणून दिली. ओटमील करून दिलं. त्याने मुकाट्याने खाल्लं सगळं."

आम्ही दोघी जिन्यावरून धावलो. कपाटात बद्धकोष्ठावरच्या खनिज तेलाच्या सात बाटल्या होत्या, एका ओळीत. आत्या बाथटबच्या कडेवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं मी त्या माणसाला आलुबुखार चारली!"

"त्यांनी सांगितलं का नाही?"

"कधी विचारलं होतं आपण?" ती म्हणाली आणि नाक पुसलं.

आता मला घाई झाली होती. मी भांडंभर मेणात कपभर तेल ओतलं. 'योग्य काळजी न घेणे' तर अगदीच सोपं होतं. आमच्याकडे हिवाळ्यात कुठलीही गरम वस्तू थंड करायची म्हणजे मागच्या पडवीत ठेवायची. सूप, जेली, केक, तापलेली डोकी, सगळं. मी दहाही साचे पडवीत मांडले आणि दार लावून घेतलं. काळजी न घेण्याची याहून चांगली पद्धत मला सुचेना.

सकाळी पाहिलं तर मेणबत्त्यांना उभ्या भेगा पडल्या होत्या. घरात आणल्यावर त्यांना घाम फुटला. तेल थेंबाथेंबाने बाहेर येऊन टेबलावर ओघळलं.

आत्याने एकीच्या माथ्यावर हात ठेवला. "हिला ताप आलाय."

"आत्या, गंमत करू नकोस."

"मी कुठे करते? बघ ना. पोटाचं औषध घेतलंय, मोकळी होतेय बिचारी."

मग मी बाटल्या नीट पाहिल्या. उघड्या बाटलीचं टोपण आतून निळं-लाल झालेलं होतं, मेणाची पुटं चढली होती त्यावर. म्हणजे माप ते होतं. मी पौंडाला दोन टोपणं घातली, मग तीन. साचे पुन्हा पडवीत. आता भेगा लहान झाल्या, घाम थांबला आणि मेणात काहीतरी उमटलं. बारीक, टाचणीच्या टोकाएवढे पांढरे कण.

मी मेणबत्ती घेऊन डोरीनकाकूच्या दारात गेले. तिने ती खिडकीपाशी नेली, पुन्हा आणली.

"हे मीठ आहे," म्हणाली. "बर्फ नाही. पण जवळ आलीयेस, पोरी. थांबू नकोस." आणि मला दोन पास्ट्या बांधून दिल्या.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत मी सव्वीस मेणबत्त्या केल्या आणि सव्वीस पुन्हा वितळवल्या. रंग घालून बघितला, जास्त, कमी. मेण जास्त तापवलं, कमी तापवलं. दरवेळी मीठ. मी त्या गॅरेजमध्ये उभी राहून रिकाम्या स्टुलाकडे बघायची. तिथून भांडं, साचे, बाबांचे हात, सगळं सरळ समोर दिसतं. नऊ वर्षांत मी किती पुस्तकं तिथे संपवली याचा मला अभिमान होता.

*

शनिवार उजाडला. वीस तारीख. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळला चार दिवस होते. साडेतीनला आत्या खांद्यावर टॉवेल टाकून आली.

"सौना पेटवलीये मी," ती म्हणाली.

"आज नको, आत्या. मेण चढवलंय."

"शनिवार आहे."

"मला वेळ नाहीये."

"शनिवार आहे, हेल्मे." ऑक्टोबरनंतर सौनाघराचं दार आम्ही उघडलंच नव्हतं. तिच्या हातावर काजळी होती. तिने एकटीने लाकडं आत नेली होती. मी मेणाखालची आच मंद केली आणि तिच्यामागून गेले.

आत तोच वास होता, तापल्या लाकडाचा आणि ओल्या बर्चच्या पानांचा. आत्या वरच्या बाकावर चढली. मला तिथली धग सोसेना, मी खालच्या बाकावर बसले. तिने दगडांवर पाणी टाकलं. दगड फुसफुसले, वाफ आढ्याला जाऊन पाठीवर उतरली.

माझा हात बाकाच्या कोपऱ्यावर होता. तिथे लाकडावर वर्तुळं होती, एकमेकांत अडकलेली, निळी, लाल, एकदोन हिरवी. मी ती वर्षानुवर्षं पाहत आले होते. रंगाचे डबे ठेवले असतील कधीतरी, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी मी नखाने एक कड खरवडली. नखाखाली मऊ काहीतरी आलं.

"आत्या, हे मेण आहे."

"असणारच. मला तो हे बाक कधी घासू द्यायचा नाही. मी म्हणायची, घाण झालेत—" ती मध्येच थांबली. वरून खाली वाकून वर्तुळांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"टॉवेल," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

अंगाला टॉवेल गुंडाळून मी पळाले. "अगं बूट!" आत्या दारातून ओरडत होती. "बूट तरी घाल! शेजारी आहेत!" रस्त्यापलीकडे शेजारी म्हणजे आत्याच होती. बर्फातून अनवाणी गॅरेजपर्यंत पोहोचले तोवर तळवे चटकत होते. अंगावर बाबांचा कामाचा कोट चढवला, पायात त्यांचे बूट. मेण तयारच होतं. तेल घातलं, मोजून, टोपणाने. दहा साचे भरले, खोक्यात बसवले, भोवती टॉवेल खोचले.

खोकं उचललं आणि दोन पावलांतच मला कळलं. दहा साच्यांमधलं पातळ, गरम मेण हिंदकळून सांडता कामा नये. मी कोपरं पोटाशी घट्ट धरली, गुडघे वाकवले आणि एकेक पाऊल टाकत निघाले.

"म्हातारी झालीस," आत्या सौनाघराच्या दारातून म्हणाली. मग दार धरून उभी राहिली.

साचे त्या वर्तुळांवर ठेवले. बरोबर बसले. आम्ही वर बसून उरलेली आंघोळ केली, मेण खाली ऊब धरून राहिलं. चुलीतला विस्तव आम्ही आपोआप विझू दिला, साच्यांवर टॉवेल झाकले, दार लावलं. जाड लाकडाचं ते लहानसं घर आता रात्रभर इंचाइंचाने निवणार होतं आणि त्याच्याबरोबर मेण. पडवी म्हणजे घाई होती. पुस्तकाच्या भाषेत योग्य काळजी न घेणं ते हेच : मेणाला त्याच्या वेळाने थंड होऊ देणं.

*

रविवारी चर्चमध्ये आत्याने एकही स्तोत्र धड म्हटलं नाही.

"डोकावून बघूया का?" ती बाकावर वाकून कुजबुजली.

"नाही. दुपारपर्यंत हात लावायचा नाही."

"कोणी सांगितलं?"

"बाबा रविवारी दुपारीच खोकं आणायचे."

"हो की," आत्या म्हणाली आणि पुढचं कडवं चुकीच्या सुरात घेतलं.

बारा वाजता आम्ही खोकं स्वयंपाकघरात आणलं. वातीभोवती पडलेले खळगे मी नव्या मेणाने भरले आणि ते बसेपर्यंत आम्ही दोघींनी तीन-तीन कप कॉफी प्यायली. मग साचा उपडा केला. मेणबत्ती निघेना. ठोकला. निघेना. शेवटी दहा मिनिटं पडवीत ठेवला. पडवीचं काम होतं ते एवढंच. आत आणल्यावर मेणबत्ती अलगद माझ्या तळहातावर घसरली.

मी ती खिडकीशी धरली. गडद निळ्यात मोठी मोठी पांढरी फुलं, एकात एक गुंतलेली, खालच्या बाजूला दाट, टोकाकडे विरळ होत गेलेली.

"बर्फ पडलाय," मी म्हणाले.

आत्याने ती माझ्या हातातून घेतली. बराच वेळ फिरवत राहिली. "वाईट नाही," म्हणाली, आणि तिला एकदम सिंकमधल्या भांड्यांची आठवण झाली. पाठ करून ती धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

साचे दहाच होते. चाळीस व्हायच्या होत्या. म्हणजे रविवारी पुन्हा सौना, सोमवारी पुन्हा, मंगळवारी पुन्हा. आमच्या गावात आठवड्याच्या मधल्या दिवशी धुराडं पेटलं की लोक फोन करून विचारतात, कोण आजारी आहे. सोमवारी डोरीनकाकूच आली, वॉकर ढकलत, टॉवेल गळ्यात अडकवून.

"मेण थंड करायचंय म्हणे," ती म्हणाली. "मी मदतीला आले."

"मदत म्हणजे काय करणार, काकू?"

"बसणार."

ती आणि आत्या वरच्या बाकावर बसल्या आणि दोघींनी मिळून गावातल्या सगळ्यांचा समाचार घेतला. मंगळवारी आत्या म्हणाली, "चार दिवस रोज आंघोळ. मी लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी स्वच्छ नव्हते." काकू म्हणाली, "तुझा नवरा बोलला होता मला." आत्याने तिच्यावर पाणी उडवलं.

*

बुधवारी साडेचारला उजेड निळसर व्हायला लागला तेव्हा मी गाडीची डिकी उघडली. दफनभूमीच्या फाटकाशी लोक रांगेत उभे होते. एकेकाने येऊन मेणबत्ती घेतली. काही जणांनी ती आधी डोळ्यांपुढे धरली. डोरीनकाकूने आपली लाल मेणबत्ती सगळ्या बाजूंनी तपासली.

"हां," म्हणाली. "ही घरची." आणि वॉकरच्या टोपलीत ठेवून हॅरीकडे निघाली. पोहोचायच्या आधीच तिने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली होती. आमच्याकडे त्या संध्याकाळी सगळेच बोलतात, आपापल्या दगडापाशी वाकून, शेजारी ऐकतोय याची फिकीर न करता. मी कधी बोलले नव्हते. आईशीसुद्धा नाही. बाबाही बोलायचे नाहीत. आम्ही दोघं खिशात हात घालून उभे राहायचो.

आईच्या शेजारी बाबांच्या जागेवर अजून दगड नव्हता, नुसती लाकडी पाटी होती, तिच्यावर हातभर बर्फ. आत्याने गुडघे टेकले, हाताने बर्फ उकरून दोन कोनाडे केले. मी दोन्ही निळ्या मेणबत्त्या आत ठेवल्या. काडी ओढली. आईची लागली. बाबांची वात जरा फुरफुरली, मग धरली.

आत्याने पाटीवरचा बर्फ हातमोज्याने झाडला. "चांगल्या झाल्यात रे," ती म्हणाली. "तुझ्या पोरीने पोटाचं तेल शोधून काढलं. आणि ती आलुबुखार... तू एक शब्द तरी बोलायचास, मुखदुर्बळा." ती उठली, माझ्या खांद्यावर भार देऊन. "मी गाडीत जाऊन हीटर लावते. माझे पाय गेले."

ती गेली. तिचे पाय ठणठणीत होते.

ज्योत खाली उतरायला लागली तसा उजेड मेणाच्या आतून यायला लागला. निळा रंग पातळ झाला आणि फुलं एकेक करून दिसू लागली. दिवसा खिडकीशी दिसली होती त्याहून मोठी, खोलवर गेलेली. सगळ्या दफनभूमीत तीच फुलं पेटलेली होती. लोकांचे आवाज येत होते. कोणीतरी हसलं. वारा आला, मेणबत्त्या हलल्या आणि टिकल्या.

मी खिशातून हात बाहेर काढले.

"बाबा," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "रस्ता मोकळा होता."

शेजारच्या थडग्यापाशी वाकलेल्या माणसाने मान वर केली आणि लगेच खाली घातली. मी थांबले नाही.

"ते डाग नव्हते," मी म्हणाले. "तुमच्या मेणबत्त्या सुंदर होत्या, बाबा. पहिल्यापासून सुंदर होत्या."